जमेची बाजू

21 जून 2023 रोजी माझी डावी किडनी माझ्या नवऱ्याला बसवली. त्याआधीची सव्वा वर्षं आणि नंतरचे महिने कसे गेले ते एका जागी लिहून ठेवते आहे. डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी रात्री मोबाईलवर मराठीत शोधायचे. डॉक्टरांची माहिती मिळायची, दवाखान्यांच्या जाहिराती मिळायच्या. आपल्यासारख्या घरातल्या कुणी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलेलं मात्र सापडलं नाही.

आम्ही नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मी पतसंस्थेत रोखपाल आहे. दोन लेकरं आहेत. आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यामुळे या लिहिण्यात देव येणारच. तुम्ही ज्या नावानं त्याला हाक मारत असाल त्या नावानं वाचा, आणि कुणालाच हाक मारत नसाल तरी कागदपत्रांचा भाग तेवढाच उपयोगी पडेल.

फेब्रुवारी 2022 मध्ये यांचे पाय सुजायला लागले. दिवसभर उभं राहून काम, म्हणून सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग तोंडाची चव गेली, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसू लागली, जिना चढताना दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो 190/110. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला जो कचरा किडनी बाहेर टाकते, ते 8.4, खूपच वाढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. रक्तदाब कितीतरी वर्षांपासून वाढलेला असावा, तो बाहेर काही दाखवत नाही, असं त्यांनी सांगितलं. नगरच्या किडनीतज्ज्ञांनी कागद पाहिले आणि डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघं एसटीत शेजारी बसून घरी आलो आणि तासभर एक शब्दही बोललो नाही.

पहिले काही डायलिसिस मानेत बसवलेल्या नळीतून झाले. तेव्हा प्रत्येक वेळचे 1,800 रुपये खिशातून गेले. नंतर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसलं आणि डायलिसिसचा खर्च थांबला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद घेऊन जायचं. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आधीच पाहून ठेवा. आमच्यापुढच्या एका आजींचं काम एका अक्षरावरून अडलं होतं.

एप्रिलमध्ये डाव्या मनगटावर फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली. यात धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात सुया टोचता येतात. ती तयार व्हायला साधारण दीड महिना लागतो. त्या हातावर कुणालाही रक्तदाब मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, झोपेत तो हात अंगाखाली येऊ द्यायचा नाही. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का पाहायचं. थरथर थांबली तर तसंच रुग्णालय गाठायचं. मी उठल्या उठल्या यांचं मनगट हातात घ्यायचे. थरथर लागली की दिवसाची पहिली प्रार्थना तिथेच व्हायची, डोळे उघडे ठेवून.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. जाणं-येणं धरून पूर्ण दिवस जायचा. दुकान अर्धं बंद झालं. आणि पाणी! दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात अर्धा लिटर मिळवायचं आणि तेवढंच प्यायचं. त्यात चहा, दूध, ताक, आमटी सगळं आलं. मी सकाळी बाटलीत पाणी मोजून ठेवायचे. नगरकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. छोटी वाटी घेऊन घोट-घोट पिणं, बर्फाचा एक खडा तोंडात धरणं, नुसत्या चुळा भरणं, याचा थोडा आधार होतो. नारळपाणी, केळी, संत्री, टोमॅटो बंद, कारण त्यांत पोटॅशियम असतं आणि ते वाढलं की हृदय बंद पडू शकतं. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची, तेही पाणी फेकायचं. एक धोक्याची गोष्ट मुद्दाम सांगते: कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून कुणी ते दिलं तर डायलिसिसच्या माणसाला देऊ नका.

वहीची गोष्ट इथूनच सुरू होते. पैशाचा हिशेब ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून एक दोनशे पानी वही केली. आपल्या कीर्दीसारखी, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. नावे बाजू भरभर भरायची: एसटी, औषधं, इंजेक्शनं, लेकराची फी. जमेला कुणी हातउसने दिले ते, माझा पगार, दुकानाचं जे काही आलं ते. एका संध्याकाळी जमेला लिहायला काहीच नव्हतं. मी पेन धरून बसले आणि लिहिलं, 'आज पहिल्याच टोचणीत सुई बसली.' रकमेच्या जागी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'कंडक्टरनं पुढची सीट धरून ठेवली.' मग ती सवयच झाली.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मान्न्यावर उपदेश केला. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोक रानात भुकेले असतात आणि देव त्यांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे आभाळातून पडणारं अन्न, देतो. ज्यानं त्यानं आपल्यापुरता, त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. तोवर माझ्या प्रार्थना वर्षांच्या असायच्या: यांना पन्नाशी दिसू दे, लेकीचं लग्न दिसू दे. त्या रविवारपासून मी फक्त त्या दिवसाचं मागायला लागले. आज पोटॅशियम ताब्यात राहू दे. आज लाईट जाऊ नये. आजचा प्रवास होऊ दे. मोठं मागायचे तेव्हा माझे हात रिकामे असल्यासारखं वाटायचं. छोटं मागायला लागल्यावर वहीची डावी बाजू पानाच्या तळापर्यंत जायला लागली. देव आधीही देतच होता, माझं लक्ष पुढच्या वर्षांवर लागलेलं होतं.

डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात, म्हणून अंड्याचा पांढरा भाग रोज खायला सांगतात. चर्चच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या विधवा बाई दर शनिवारी घरच्या कोंबड्यांची अंडी पदराखाली झाकून आणायच्या. त्यांचं स्वतःचं घर निराधार योजनेच्या पैशांवर चालतं. मी पैसे पुढे केले की त्या 'जय ख्रिस्त' म्हणून निघायच्या. बायबलमधल्या सारफथ गावच्या विधवेनं पिठाच्या शेवटच्या मुठीतून एलिया संदेष्ट्याला भाकर करून दिली ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिचं पीठ सरलं नाही हा त्यातला चमत्कार असं मला वाटायचं. आता वाटतं, तिनं ती पहिली भाकर दुसऱ्याला दिली हाही तेवढाच मोठा चमत्कार आहे.

आता जे लिहिते आहे ते जरा जपून वाचा. पावसाळ्यात एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेले एक गृहस्थ यांना म्हणाले, विश्वास असेल तर डायलिसिस सोडा, देव बरं करील आणि ती मोठी साक्ष होईल. हे त्या रात्री झोपले नाहीत. सुयांना कंटाळलेल्या माणसाला असं बोलणं किती गोड लागतं ते मी पाहिलं आहे. सकाळी आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी बायबलमधल्या हिज्कीया राजाची गोष्ट काढली. राजा मरणाला टेकलेला, तो रडून प्रार्थना करतो, देव त्याला आणखी 15 वर्षं देतो, आणि तरीही यशया संदेष्टा अंजिरांची ढेप आणून त्याच्या गळवावर बांधायला सांगतो. "देवानं आयुष्य दिलं ते अंजिराच्या हातानं दिलं," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही दोघं सोमवारी वेळेवर मशीनवर जा." डायलिसिस दोन-तीन वेळा चुकलं तरी माणूस जाऊ शकतो. प्रार्थना जरूर करा, मशीनवर पडून करा.

मशीनवर आमच्या पाळीत वेगवेगळी माणसं होती. एक तुळशीमाळ घातलेले आजोबा, सुई टोचताना 'पांडुरंग पांडुरंग' म्हणायचे. एक चाचा हातात तसबी धरून झोपायचे. आणि एक बावीस वर्षांचा मुलगा होता, आयटीआय झालेला, यांच्याशी मोटारींबद्दल बोलायचा. त्याच्या आईचा रक्तगट जुळत नव्हता, वडील नव्हते, मरणोत्तर अवयवदानाच्या यादीत नाव होतं. आम्हीही पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत यांचं नाव रुग्णालयामार्फत घातलं होतं. त्या यादीत प्रतीक्षा वर्षांची असते. तो मुलगा सप्टेंबरमध्ये गेला. रविवारी रात्री श्वास लागला आणि सोमवारी त्याच्या मशीनवर दुसरं कुणी होतं.

त्याची आई माझ्याहून जास्त प्रार्थना करायची. तिचा विश्वास कमी होता असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. त्या आठवड्यात मी वहीत जमेला काही लिहिलं नाही, आणि देवाला विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उत्तर मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. एवढंच झालं की तिच्याकडे जाऊन बसले, तिनं चहा केला आणि तिचा मुलगा शेवटच्या शनिवारी काय काय बोलला ते सांगत राहिली. परत येताना मला जाणवलं की देवावर रागावूनही मी बोलत त्याच्याशीच होते.

ऑक्टोबरमध्ये मी यांना सांगितलं, माझी तपासणी करू या. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, यांचा बी पॉझिटिव्ह, म्हणजे चालण्यासारखा. हे ऐकायलाच तयार नव्हते. माझी आई तर रडायलाच लागली, दोन लेकरांचं काय म्हणाली. सासूबाई गप्प होत्या. मी देवाकडे खूण मागितली. बायबलमधल्या गिदोनानं लोकर पसरून मागितली होती तशी. कसलीही खूण मिळाली नाही. स्वप्न पडलं नाही, बायबल उघडलं तर वंशावळीचं पान निघालं. तेव्हा ठरवलं, पुढची तपासणी करायची आणि जिथे दार बंद होईल तिथे थांबायचं. विश्वास म्हणजे मनात खात्री असणं, असं मी आधी मानायचे. त्या महिन्यांत माझ्या मनात खात्री नव्हती, फक्त पुढच्या तपासणीची चिठ्ठी होती. ती घेऊन मी जात राहिले.

तपासण्या पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात झाल्या. रक्त, लघवी, एक्स-रे, ईसीजी, इको, स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. एचएलए (दोघांच्या पेशी किती जुळतात ते) आणि क्रॉसमॅच मिळून 22,000 रुपये, डीटीपीए स्कॅन (कोणती किडनी किती काम करते ते) 5,500, रक्तवाहिन्यांचा सीटी 9,000. क्रॉसमॅचमध्ये रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते पाहतात; ती निगेटिव्ह यावी लागते. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, त्यामुळे एचएलए फारसं जुळत नाही. तेवढ्यानं प्रत्यारोपण अडत नाही, क्रॉसमॅच महत्त्वाची. आमची निगेटिव्ह आली. डीटीपीएत कळलं की माझी डावी किडनी उजवीपेक्षा किंचित कमी काम करते. दात्याकडे चांगली राहावी हा नियम, शिवाय डाव्या किडनीची शीर लांब असल्यामुळे जोडायला सोपी, म्हणून डावी ठरली. अडलं ते हिमोग्लोबिनवर, माझं 9.6 होतं. लोहाची इंजेक्शनं घेऊन 11 च्या वर यायला जानेवारी उजाडला. दाता होऊ इच्छिणाऱ्या बायकांनी हे पहिल्यांदा तपासावं, आमचे दोन महिने तिथे गेले.

मग कागद. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा आहे, त्याचे आत्ताचे नियम 2014 चे. पती-पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. पती-पत्नीसाठी वेगळा फॉर्म असतो, तो नमुना 2. सोबत लग्नाचा दाखला, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, रेशनकार्ड. रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असतात. पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून यादी लिहून घ्या. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढून चार वेगळ्या फाइली करा.

आमचं लग्न 2004 मध्ये माझ्या माहेरच्या चर्चमध्ये झालं. तिथला दाखला कुठेतरी हरवलेला, लग्न लावणारे पाळक केव्हाच प्रभूकडे गेलेले. शिवाय लग्नाच्या नोंदीत माझं बाप्तिस्म्याचं नाव आणि आधारवर शाळेतलं नाव. समन्वयक म्हणाल्या, नातं सिद्ध झालं नाही तर फाइल पुढे जाणार नाही. मार्चमध्ये मी माहेरी गेले. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा, त्याप्रमाणे चर्चमध्ये नोंदवही ठेवावी लागते. चर्चच्या कपाटाला मध्यंतरी वाळवी लागली होती आणि बऱ्याच वह्या गेल्या होत्या. आमच्या वर्षाची वही खजिनदारांच्या घरी पत्र्याच्या पेटीत निघाली. चर्चला रंग देताना त्यांनी ती नेली होती आणि परत ठेवायची राहून गेली होती. पानावर आमच्या दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांची सही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचं अक्षर बघून मी तिथेच ओसरीवर बसले.

त्या नोंदीवरून नव्या पाळकांनी सही-शिक्क्याचा दाखला दिला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर करून नोटरी केलं, वकिलासकट 700 रुपये लागले. शाळा सोडल्याचा दाखला जोडला. वहीत जमेला लिहिलं, 'पत्र्याची पेटी.'

प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीची मुलाखत मे महिन्यात होती. चित्रीकरण होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती खरोखर तिची आहे ना हे वेगळं तपासावं, असं नियमातच आहे. म्हणून यांना बाहेर बसवून मला एकटीला विचारलं. सासरचा दबाव आहे का? पैसे मिळणार आहेत का? किडनी दिल्यावर काय धोका असतो ते कळलं आहे का? मग एका मॅडमनी माझ्या फाइलीत पाहून विचारलं, "देव सांगतो म्हणून देताय का? नाही म्हणायची मुभा आहे तुम्हाला."

मी म्हणाले, "देवानं मला द्यायला सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं, त्यानं काही सांगितलं नाही. मला द्यायची आहे. तो माझ्याबरोबर राहील एवढंच मी धरून आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही तर?"

"तरी राहील," मी म्हणाले. हे वाक्य मी ठरवून नेलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर मलाच कळलं की माझा विश्वास किती आहे आणि कशावर आहे. सव्वा वर्ष मी स्वतःला हाच प्रश्न विचारत होते. मंजुरीचं पत्र आठवडाभरात आलं.

पैशाचं सांगते. त्या रुग्णालयात प्रत्यारोपण महात्मा फुले योजनेत बसत नव्हतं, अंदाजपत्रक 6,50,000 चं होतं. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करावा लागतो. आम्हाला सवलत मिळाली. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट आणि प्रत्यारोपणाची मंजुरी जोडली. एक लाख मंजूर झाले, ते थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातात. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून तो अगदी पहिल्यांदा काढून ठेवा. बाकीचं माझ्या पाटल्या, पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांनी दिलेला एकेक दिवसाचा पगार आणि मंडळीची एका रविवारची दानपेटी. आभाळातून पैसे पडले नाहीत. माणसांच्या हातून आले, आणि त्यातल्या पुष्कळांकडे स्वतःलाही पुरत नव्हते.

12 जूनला भरतीपूर्व तपासणीसाठी पुण्यात बोलावलं होतं आणि त्याच दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येत होत्या. रस्ते बंद. रिक्षावाल्यानं एका चौकात हात टेकले. हे डायलिसिसनं थकलेले, चेहरा पांढरा पडलेला. आम्ही चालायला लागलो. एका दिंडीतल्या माउलीनं यांच्या हाताला गुंडाळलेली पट्टी पाहिली, काय झालं विचारलं, आणि पुढच्यांना ओरडून सांगितलं. दिंडीनं मध्ये वाट केली. टाळ वाजत होते आणि दोन ख्रिस्ती माणसं त्या वाटेनं पलीकडे गेली. एक आजी यांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा, बरा होशील." त्या दिवशीची जमा मी पान उलटून पुढच्या पानावरही लिहिली.

21 तारखेला सकाळी आधी मला नेलं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, किडनी बाहेर काढायचा छेद ओटीपोटावर, सिझेरियनसारखा. भीती वाटली का असं पुष्कळ जणी विचारतात. वाटली, खूप. भूल देईपर्यंत मी प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि 'रोजची भाकर आज आम्हांस दे'पाशी आल्यावर पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा खांद्यात दुखत होतं. पोटात भरलेल्या हवेमुळे तसं दुखतं, दोन दिवसांत जातं, घाबरू नका. सिस्टरला मी पहिला प्रश्न यांच्याबद्दल विचारला. ती हसून म्हणाली, "लघवी सुरू झाली टेबलावरच."

यांच्या जुन्या किडन्या जागच्या जागी आहेत. नवी उजव्या बाजूला, ओटीपोटात खाली बसवतात. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी 1.4 वर आलं. आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसाला तीन लिटर पाणी प्या. वर्षभर मी ज्या माणसाला पाणी मोजून दिलं त्याला सिस्टर रागावत होती की तुम्ही पाणी कमी पिताय. पाचव्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून यांच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. आतून यांनी पूर्ण भरलेला ग्लास उचलून दाखवला आणि एका दमात प्यायले. त्या वर्षी पाऊस लांबला होता, तो त्याच आठवड्यात पुण्यात पोचला. ग्लासभर पाणी पिणं आणि ते अंगातून बाहेर पडणं, यासाठी याआधी मी देवाचे आभार कधी मानले नव्हते. आता आमच्या घरी रोजच्या उपकारस्तुतीत लघवीचा उल्लेख असतो, आणि लेकरांनाही त्याचं काही वाटत नाही.

मी पाचव्या दिवशी सुटले, हे बाराव्या. त्यानंतर तीन महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागतं, कारण सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त तपासतात. खोलीचं भाडं 9,000, पहिल्या महिन्यांतली औषधं महिन्याला 14,000 च्या आसपास. हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, तो वेगळा धरा. दाता म्हणून मला तीन महिने जड उचलायचं नव्हतं. पतसंस्थेत मी सहाव्या आठवड्यात परत बसले. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवी आणि रक्तदाब तपासायचा, हे माझ्यासाठी आयुष्यभराचं.

नाताळला आम्ही घरी होतो. मंडळीनं साक्ष द्यायला उभं केलं, हे दोन वाक्यं बोलून खाली बसले. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिएटिनिन 1.3 वरून 2.1 झालं. पुन्हा पुणे, बायोप्सी, शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केल्याचं निदान, शिरेतून स्टेरॉइड. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी परत वर्षांचं मागायला लागले होते. मग थांबले आणि म्हणाले, उद्या सकाळचा रिपोर्ट. सकाळी 2.0 होतं. इतकं थोडं उतरलेलं कुणी मोजत नाही, मी वहीत लिहून घेतलं. आठवड्यात 1.6 वर आलं आणि साधारण तिथेच टिकलं आहे.

त्या मुलाच्या आईकडे मी अजून जाते. तिच्यासमोर मी ही वही कधी काढत नाही. गेल्या महिन्यात तिनं स्वतःहून अवयवदानाचा अर्ज भरायला माझी मदत मागितली. ऑनलाइन भरता येतो, आधार क्रमांक आणि मोबाईल जवळ हवा. तिच्या मोबाईलवर ओटीपी यायला वेळ लागला, तोवर तिनं मला जेवायला घातलं.

आता दर महिन्याला तपासणी असते. टॅक्रोलिमस ही शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी; तिची रक्तातली पातळी पाहायची असेल त्या सकाळी ती आधी घ्यायची नाही. रक्त देऊन झालं की लगेच घ्यायची, म्हणून डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवून निघायचं. एरवी सकाळी नऊ आणि रात्री नऊ, वेळ चुकवायची नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही, गोळीची पातळी बिघडते. पुण्याची पहाटेची एसटी नगरच्या तारकपूर स्टँडवरून मिळते, पुण्याजवळच्या वाघोलीची गर्दी व्हायच्या आत पोचते. तुमच्या घरी कुणाचं चालू असेल आणि कागदांची यादी हवी असेल तर मागा, माझ्या चार फाइलींतली एक अजून तशीच ठेवलेली आहे.